नवा हीट पंप, जुन्या लाइनी: सोसायटीच्या गरम पाण्याच्या दुरुस्तीच्या नोंदी

आमची इमारत मुलुंड पूर्वेला आहे. ७ मजले आणि २८ सदनिका. गच्चीवर दीड-दीड हजार लिटरच्या दोन गरम पाण्याच्या टाक्या असून त्यांतून ए, बी, सी आणि डी अशा चार उभ्या लाइनी डक्टमधून खाली उतरतात, आणि प्रत्येक लाइन एकाखाली एक असलेल्या ७ घरांना पाणी देते. पहिल्या मजल्यावर पोहोचलेले पाणी बारीक रिटर्न लाइनीने पुन्हा वर येऊन टाकीत पडते, जेणेकरून नळ उघडल्यावर बादलीभर थंड पाणी वाया घालवावे लागू नये. पूर्वी हे पाणी सोलरवर तापत असे. पावसाळ्यात सोलरच्या बऱ्याच काचेच्या नळ्या फुटल्या, सांगाडाही गंजलेला निघाला, म्हणून सप्टेंबरमध्ये सर्व काढून ३,४०,००० रुपयांचा हीट पंप, म्हणजे हवेतल्या उष्णतेने पाणी तापवणारे विजेचे यंत्र, बसवून घेतला. टाक्या आणि लाइनी होत्या त्याच ठेवल्या. मी सोसायटीची खजिनदार आहे. प्लंबिंगचे माझे ज्ञान या कामापूर्वी गळका नळ ओळखण्यापुरतेच होते.

३१ ऑक्टोबर २०२४

नरक चतुर्दशी. पहाटे साडेचारपासून घरोघरी अभ्यंगस्नानाची तयारी सुरू झाली आणि पाच वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला. सव्वापाचपर्यंत ९ फोन झाले होते. ए लाइनीच्या घरांना कोमट पाणी मिळत होते, डी लाइनीच्या घरांना थंड. गच्चीवर जाऊन पाहिले तर हीट पंप बंद होता आणि पॅनेलवर हाय प्रेशरचा इशारा दिसत होता. बंद करून पुन्हा चालू केल्यावर तो अकरा मिनिटे चालला आणि पुन्हा बंद पडला. सहाव्या मजल्यावरच्या आजींनी उटणे लावून बसल्या बसल्या गॅसवर पातेले चढवले आणि खजिनदाराविषयी त्यांना जे वाटले ते जिन्यातच सांगितले.

३ नोव्हेंबर

भाऊबीज असूनही कंत्राटदाराचा माणूस आला. यंत्र कमी पडते आहे, टाकीत ६ किलोवॅटचा हीटर जोडीला टाका, असे त्याने सांगितले आणि आम्ही त्याच दिवशी तो टाकला. हीटर, वेगळा एमसीबी, केबल आणि मजुरी मिळून १८,५०० रुपये गेले. ही या कामातली माझी पहिली आणि सर्वांत महाग चूक. काहीही न मोजता केवळ लोकांचा राग शांत करण्यासाठी घेतलेला हा निर्णय होता.

१० नोव्हेंबर

हीट पंपासाठी सबमीटर बसवलेला होता, पण त्याचे आकडे कोणी लिहून ठेवत नव्हते. महिन्याच्या बिलावरून आणि मीटरवरून मागे हिशेब केला, तेव्हा हीटर टाकण्यापूर्वी दिवसाला सुमारे ६२ युनिट वीज जात होती आणि हीटर टाकल्यानंतर ती ११८ युनिटवर गेली, असे निघाले. पाणी मात्र तितकेच कोमट.

येथे एक साधा हिशेब उपयोगी पडला. एक युनिट उष्णतेने ८६० लिटर पाणी एक अंशाने तापते. आमची रोजची गरज ३,००० लिटर धरली आणि पाणी २७ अंशांवरून ५५ वर न्यायचे म्हटले, तर उष्णता लागते जवळपास ९८ युनिट. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, त्यामुळे मुंबईच्या हवेत त्याला एका युनिट विजेमागे साडेतीन युनिटांच्या आसपास उष्णता देता यायला हवी. म्हणजे दिवसाला २८ युनिट पुरायला हवेत. आम्ही त्याच्या चौपट जाळत होतो. यंत्र कमी पडत असते, तर हीटर आल्यावर पाणी तापले असते. उष्णता तयार होऊन कुठेतरी निघून जात होती. हीटर त्याच संध्याकाळी बंद केला.

त्यानंतर सोसायटीचे जुने, कोविडच्या काळातले कपाळावर धरायचे थर्मामीटर घेऊन मी लाइनीचे तापमान मोजायला निघाले. ते ४२-४३ अंशांच्या पुढे केवळ ‘हाय’ दाखवते, हे कळायला अर्धा तास गेला. शेवटी पाण्यात बुडवायची डिजिटल कांडी ४५० रुपयांना आणली.

१३ नोव्हेंबर

सोसायटीच्या नेहमीच्या प्लंबरला बोलावले. ते कंत्राटदाराचे नव्हेत, आणि तीस वर्षे याच भागात काम करत आहेत. हीट पंप आणि टाकी यांच्यामध्ये पाणी फिरवणारी जी छोटी मोटर आहे, तिचे पाणी किती वेगाने जाते हे पाहण्यासाठी त्यांनी टाकीजवळचा जोड सोडून पाणी २० लिटरच्या बादलीत घेतले, आणि मी मोबाइलवर वेळ मोजली. बादली भरायला ९५ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला जेमतेम साडेबारा लिटर. १२ किलोवॅटच्या यंत्रात पाणी एका फेरीत ५ अंशांनी तापावे असे धरले, तर मिनिटाला ३४ लिटर वाहायला हवे. वाहत होते त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके, म्हणून यंत्राच्या आत उष्णता साचून दाब चढत होता आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडत होते.

मोटरीआधीचा वाय-स्ट्रेनर, म्हणजे कचरा अडवणारी जाळी असलेला जोड, उघडला. आत जाळीऐवजी एक करडा गोळा बसला होता: टेफ्लॉन टेपचे तुकडे, पाइप कापतानाचा प्लास्टिकचा कीस आणि सोलरच्या जुन्या लाइनीतला गंज. काम संपल्यावर लाइन एकदा धुऊन काढायची असते, ते कोणी केले नव्हते. शिवाय यंत्राची तोंडे सव्वा इंचाची असताना मधला चार मीटरचा तुकडा पाऊण इंचाचा टाकलेला होता, आणि जुन्या कठड्यावरून पलीकडे नेताना पाइप वर चढवून पुन्हा खाली उतरवल्यामुळे त्या उंचवट्यावर हवा कोंडत होती.

त्याहून मजेशीर प्रकार सेन्सरचा. टाकीला सेन्सर घालण्यासाठी स्वतंत्र खोबण दिलेली आहे. ती रिकामी होती, आणि सेन्सर इन्शुलेशन टेपने हीट पंपातून बाहेर येणाऱ्या गरम पाइपवर बांधलेला होता. टाकीतले पाणी ४० अंशांवर असले तरी यंत्राला ५५ दिसत असे. ते समाधानाने थांबे, पाइप थंड झाला की पुन्हा सुरू होई. म्हणजे यंत्र कधी दाबाने बंद पडत होते आणि कधी गैरसमजाने.

पाइपाचा तुकडा सव्वा इंचाचा केला, उंचवट्यावर कोंडलेली हवा आपोआप बाहेर सोडणारा एअर व्हेंट बसवला, सेन्सर खोबणीत घातला. सामान नागदेवी स्ट्रीटवरून आणले, कारण स्थानिक दुकानात सव्वा इंची फिटिंग्ज दोनच निघाली. सामान ४,९०० आणि मजुरी २,५०० रुपये. बादली आता ३६ सेकंदांत भरू लागली. त्यानंतर यंत्र दाबामुळे एकदाही बंद पडलेले नाही.

१६ नोव्हेंबर

टाकी रात्री अकराला ५५ अंशांवर पोहोचली. पहाटे पाचला ३९. रात्री पाणी वापरणारे कोण असणार?

१७ नोव्हेंबर

रविवार. उत्तर गच्चीच्या कोपऱ्यात सापडले, आणि ते कित्येक महिन्यांपासून आमच्या डोळ्यांसमोर होते.

गरम टाक्यांना थंड पाणी पुरवणारी ५०० लिटरची एक छोटी टाकी गच्चीवर स्टँडवर आहे. तिचा ओव्हरफ्लो रात्री वाहतो, ही तक्रार जुनी होती. वॉचमन दर वेळी बॉल कॉक (टाकी भरली की तरंगत्या चेंडूने बंद होणारा नळ) खराब आहे असे सांगे आणि या वर्षी तो दोनदा बदललाही होता. तिसरा नवा बॉल कॉक ६५० रुपयांना आणून प्लंबरकाकांनी बसवला. पाणी वाहतच राहिले. तेव्हा त्यांनी बॉल कॉकच्या आधीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, म्हणजे टाकीत वरून पाण्याचा थेंबही येत नव्हता, तरीही ओव्हरफ्लो चालूच. त्यांनी त्या धारेखाली हात धरला आणि मला बोलावले.

“ताई, हात लावून बघा. बॉल कॉकचा दोष नाही. पाणी उलटं येतंय.”

पाणी कोमट होते. कांडीवर ३६ अंश. २० लिटरची बादली आठ मिनिटांत भरली, म्हणजे तासाला दीडशे लिटर, रात्रीच्या सहा तासांत ९०० लिटर.

कारण समजायला मला कागदावर चित्र काढावे लागले. घरांना थंड पाणी लिफ्टच्या मशीन रूमवरच्या मोठ्या टाकीतून येते, आणि गरम पाणी या छोट्या टाकीच्या दाबाने. मोठी टाकी साधारण ३ मीटर उंच आहे. म्हणजे थंड लाइनीत गरम लाइनीपेक्षा सुमारे ०.३ किलो दाब जास्त. एरवी याने काही बिघडत नाही, कारण दोन्ही लाइनी एकमेकींना कुठेच भेटत नाहीत. परंतु एखाद्या बाथरूममध्ये मिक्सरची, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाची, दांडी मध्यावर उघडी राहिली आणि पाणी केवळ हँड शॉवरच्या बटणाने बंद केले, तर मिक्सरच्या आत दोन्ही लाइनी जोडल्या जातात. बाहेर पडायला वाट नाही, मग जास्त दाबाचे थंड पाणी गरम लाइनीत शिरते, तिथून वर चढून गरम टाकीत जाते, आणि टाकीच्या तळाचे पाणी ढकलले जाऊन छोट्या टाकीत येते व ओव्हरफ्लोमधून गच्चीवर पडते. एका बाथरूममधला निष्काळजीपणा सगळ्या इमारतीचे पाणी रात्रभर थंड करतो, आणि ज्याच्या घरात तो होतो, त्याच्या लादीवर एक थेंबही सांडत नाही.

रात्री पुन्हा गच्चीवर जाऊन चारही लाइनींचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद केले. सी बंद केल्यावर धार जवळपास थांबली. डी बंद केल्यावर उरलेले ठिबकणेही गेले.

२० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. लोक बोटाला शाई लावून दुपारपर्यंत घरी परतले होते, त्यामुळे सी आणि डी लाइनीची १४ घरे एका दिवसात पाहता आली. एरवी याला तीन रविवार लागले असते. पद्धत सोपी होती. घरातले सर्व नळ जसे आहेत तसे राहू द्यायचे, गरम पाण्याचा अँगल कॉक (मिक्सरला जाणारे पाणी बंद करणारा भिंतीवरचा कॉक) बंद करायचा, आणि गच्चीवर उभ्या असलेल्या वॉचमनला फोनवर विचारायचे की धार कमी झाली का.

६०३ मध्ये भाडेकरू मुलांनी पाण्याचे मनासारखे मिश्रण एकदा साधून दांडी तशीच ठेवली होती आणि रोज केवळ शॉवरचे बटण दाबत होती. त्यांची चूक म्हणता येत नाही. मिक्सर तसा वापरू नये हे कोणी सांगितलेलेच नव्हते. शिवाय वरच्या दोन मजल्यांवर थंड लाइनीला प्रेशर पंप बसवलेला आहे, गरम लाइनीला नाही, त्यामुळे दाबातला फरक तिथे आणखी वाढतो. २०३ मध्ये जेट स्प्रे मिक्सरवर जोडलेला निघाला, म्हणजे तीच गोष्ट. ७०४ मध्ये मिक्सरचे आतले कार्ट्रिज झिजलेले होते. दांडी बंद असतानाही आतून पाणी इकडून तिकडे जात होते. हे घरमालकांना पटेना, म्हणून गरम लाइनीचा अँगल कॉक बंद करून पाइप सोडला आणि त्यातून येणारे थंड पाणी त्यांच्याच मगमध्ये भरून दाखवले.

२४ नोव्हेंबर

तिन्ही घरांत मिक्सरच्या गरम आणि थंड, दोन्ही तोंडांना अर्ध्या इंचाचे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व्ह, बसवले. ६ नग, प्रत्येकी ३५० रुपये. ७०४ चे कार्ट्रिज मालकांनी स्वतःच्या खर्चाने बदलले. छोट्या टाकीकडून गरम टाकीकडे जाणाऱ्या लाइनीवरही असाच व्हॉल्व्ह टाकावा, म्हणजे पाणी उलटे येणारच नाही, असा मोह झाला होता. तो प्लंबरकाकांनी मोडून काढला, आणि ते योग्यच झाले: पाणी तापताना फुगते, त्या फुगलेल्या पाण्याला मागे जायला ती वाट मोकळी हवी. शिवाय ओव्हरफ्लो हीच आमची धोक्याची घंटा आहे. ती बंद करून दोष लपवण्यात अर्थ नव्हता.

सबमीटर: दिवसाला ५८ युनिट. रात्री अकराला ५५ असलेली टाकी पहाटे ४५ वर.

१ डिसेंबर

डी लाइनीत सकाळी गर्दीच्या वेळी अजूनही कोमट पाणी येते, आणि ते रिटर्न लाइनीच्या बाजूने येते असे पाइपला हात लावून कळते. रिटर्न लाइन टाकीच्या तळाशी जोडलेली आहे आणि तिच्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच नव्हता. एकाच वेळी अनेक नळ उघडले की पाणी टाकीच्या वरच्या भागातून गरम लाइनीने येण्याबरोबरच तळातून रिटर्न लाइनीने उलटेही येते, आणि तळाशी नुकतेच आलेले थंड पाणी असते. एक इंची फ्लॅपचा व्हॉल्व्ह बसवला, १,१०० रुपये.

७ डिसेंबर

काही फरक नाही. सहा दिवस मी डी लाइनीत आणखी एखादा मिक्सर शोधत फिरले, दोन घरे विनाकारण पुन्हा उघडायला लावली. शेवटी व्हॉल्व्ह काढून हातात घेतला तेव्हा उलगडा झाला. फ्लॅपचा व्हॉल्व्ह आडव्या लाइनीत किंवा पाणी वर चढणाऱ्या उभ्या लाइनीत चालतो, कारण त्याची झडप स्वतःच्या वजनाने मिटते. आम्ही तो रिटर्न टाकीकडे खाली उतरते त्या तुकड्यात बसवला होता. तिथे झडप लोंबकळत उघडीच राहते. बाण बरोबर दिशेला होता, म्हणून कोणाला शंका आली नाही. तोच व्हॉल्व्ह दीड मीटर मागे, आडव्या पाइपवर हलवला. खर्च केवळ मजुरीचा, ६०० रुपये. डी लाइनीची तक्रार दुसऱ्या दिवशी निम्म्यावर आली.

१५ डिसेंबर

उरलेली निम्मी तक्रार चार लाइनींच्या वाटणीची होती. रिटर्न लाइनींतले पाणी फिरवणारी मोटर वेगळी आहे आणि ती ए लाइनीच्या सर्वांत जवळ आहे, त्यामुळे फिरणारे बहुतेक पाणी ए मधूनच जाऊन येते आणि डी मध्ये जेमतेम हलते. रिटर्नची तापमाने: ए ५२, बी ५०, सी ४४, डी ३३. प्रत्येक रिटर्नवर बॉल व्हॉल्व्ह होतेच. ए चा व्हॉल्व्ह बराच आवळला, बी चा थोडा, आणि वीस मिनिटे थांबून पुन्हा मोजले. पहिल्या खेपेस मी ए इतका आवळला की संध्याकाळी १०१ मधून फोन आला. सातव्या खेपेस चारही लाइनी ४६ ते ४९ च्या दरम्यान आल्या. व्हॉल्व्हच्या दांड्या काढून कपाटात ठेवल्या आणि प्रत्येकाची जागा रंगाने खूण करून ठेवली, कारण गच्चीवर वाळवणाला येणारा प्रत्येक जण काहीतरी फिरवून पाहतो. बॉल व्हॉल्व्ह हे काम नीट करत नाही, अर्ध्यावर फार नाजूक होतो. पैसे असतील तर बॅलन्सिंग व्हॉल्व्ह घ्यावेत. आमच्याकडे हीटरपायी ते उरले नव्हते.

२२ डिसेंबर

रिटर्नची मोटर चोवीस तास चालत होती. लोहार चाळीतून टायमर आणि कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारा स्विच) आणले, २,३०० रुपये. आता ती पहाटे साडेचार ते साडेनऊ आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ एवढीच चालते. दिवसाला ४० युनिट.

४ आणि ५ जानेवारी २०२५

गच्चीवरच्या साठ मीटर पाइपांवरचा जुना पांढरा फोम उन्हाने भुगा झाला होता आणि कावळ्यांनी घरट्यासाठी ओढून नेला होता. जिथे शिल्लक होता, तिथे पावसाचे पाणी पिऊन ओल्या गोधडीसारखा चिकटला होता. सर्व काढून नायट्राइल रबराचे १९ मिलिमीटर जाडीचे आवरण आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला. पत्रा नसेल तर हेही दोन उन्हाळ्यांत जाईल. साहित्य आणि मजुरी मिळून ३१,००० रुपये. डक्टमधल्या उभ्या लाइनींना हात लावला नाही. तिथे माणूस शिरण्याइतकीच जागा आहे आणि त्याला काम करण्याइतकी नाही.

१२ जानेवारी

आठवड्याची सरासरी ३३ युनिट. रात्री अकरा ते पहाटे पाच टाकी ५५ वरून ५२ वर येते. आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री, टाकीचे पाणी ६० अंशांवर नेऊन रिटर्नची मोटर तासभर चालवायचे ठरवले आहे, कारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जीवाणू वाढतो आणि आमच्या टाकीने गेले काही महिने नेमक्या त्याच पट्ट्यात काढले होते. हे काम हीटरकडे दिले आहे, त्यामुळे ते १८,५०० अगदीच पाण्यात गेले नाहीत असे सभेत सांगता येईल. त्या रात्री नळ उघडताना जपावे, अशी सूचना लिफ्टमध्ये लावली आहे. तिच्याखालीच मिक्सरची दांडी पूर्ण बंद करण्याविषयीची सूचना चित्रासह आहे.

हीटर सोडून एकूण खर्च सुमारे ४५,००० रुपये झाला, आणि कंत्राटदाराकडून त्यातला एकही परत मिळालेला नाही.

१४ जानेवारी

१०४ ची तक्रार शिल्लक आहे. तिथे गरम पाणी यायला अजून चाळीस सेकंद लागतात, कारण डक्टपासून त्यांच्या बाथरूमपर्यंतचा नऊ मीटरचा पाइप लादीखालून गेला आहे आणि तो रिटर्नमध्ये नाही. लादी फोडल्याशिवाय त्यावर इलाज नाही, आणि लादी फोडायला तिथल्या बाई तयार नाहीत. तिळगूळ देताना त्यांनी पुन्हा आठवण करून दिली. पहिली बादली झाडांना घालावी असे सुचवून मी वर आले.